खांदे उडवले की हात वर

परवा संध्याकाळी गिरणीत असताना लाईट गेली. दळणाला आलेल्या मावशींनी विचारलं, "कधी येणार रे आता?" मी खांदे उडवले. कोण जाणे म्हणताना आपण सगळेच उडवतो, तसे. त्याबरोबर माझा उजवा हात अंगापासून फटकन बाजूला गेला आणि त्यांच्या डब्याचं झाकण खाली पडलं. मावशी म्हणाल्या, "अरे, नसंल माहीत तर नको सांगूस, मारतोस कशाला?"

गावातल्यांना आता सवय झाली आहे. मावशी पाहुण्या होत्या, लेकीकडे आलेल्या. अपघातात लुळा पडलेला माझा उजवा हात आता खांदे उडवणाऱ्या स्नायूवर चालतो, हे सगळं त्यांना सांगेपर्यंत लाईट आली. तेच इथे लिहून ठेवतो, कारण गेल्या वर्षभरात असाच हात लुळा पडलेल्यांच्या घरून मला चार फोन आले आणि चौघांनाही पहिल्यापासून सांगावं लागलं.

आमची पिठाची गिरणी तासगाव-पलूस पट्ट्यातल्या एका गावात आहे. 7 डिसेंबर 2019. उसाचा हंगाम. रात्री साडेआठच्या सुमारास मोटारसायकलवरून परत येताना रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, मातीनं माखलेली. शेवटच्या क्षणी दिसली, मी डावीकडे काढायला गेलो आणि चाक घसरलं. उजवा खांदा डांबरावर आपटला आणि मुंडकं डावीकडे फेकलं गेलं. खांदा खाली आणि मान उलटीकडे, हीच ती वाईट ओढ. हात चालवणाऱ्या नसा मानेतल्या मणक्यांतून निघतात, पाच मुळं असतात त्यांची. गळपट्टीच्या हाडामागे ती एकमेकांत गुंततात आणि तिथून पुढे वेगवेगळ्या होऊन हातात उतरतात. माझी वरची दोन मुळं ताणली गेली. बोटं हलत होती, मूठ वळत होती. पण कोपर वाकेना आणि खांद्यापासून हात उचलेना. बाहीत वाळूची पिशवी भरून लोंबकळत ठेवावी, तसा हात.

जवळच्या शहरात एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, नसेला मार बसलाय, येईल हळूहळू, झोळीत ठेवा. आम्हीही खूश. हाड शाबूत म्हटल्यावर आपल्याकडे अर्धा आजार तिथंच बरा होतो. महिनाभर झोळी, मग शेजारच्या गावच्या माणसाकडे तेल लावून बांधणं, मग पुन्हा झोळी. मार्चमध्ये कोपर जरा वाकल्यासारखं वाटलं. मोठ्या डॉक्टरांना दाखवू म्हणून नंबर लावला आणि त्याच आठवड्यात लॉकडाऊन लागला.

हे महिने का महत्त्वाचे, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुटलेली किंवा ताणलेली नस परत वाढते ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, महिन्याला इंचभर. आणि तिची वाट पाहणारा स्नायू काही जन्मभर थांबत नाही. वर्ष-दीड वर्षात तो वाळतो, त्याची चरबी होते. मग नस पोचली तरी दार उघडायला आत कुणी नसतं. म्हणून नसेचं ऑपरेशन (चांगल्या नसेचा तुकडा लावणं किंवा शेजारच्या नसेचा फाटा जोडणं) तीन ते सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. माझी ती सुया टोचून करंट बघण्याची टेस्ट, ईएमजी, झाली जुलैत. सात महिने उलटून गेले होते. दंडाचा स्नायू जागा होतोय, खांद्याचा मुळीच नाही, असं निघालं. ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात कोरोना शिगेला होता, मलाही झाला. मुंबईला पोचलो ते जानेवारी 2021 मध्ये. तेरा महिने.

तिथले सर्जन कमी बोलणारे. त्यांनी शर्ट काढायला लावला आणि मागे उभे राहून नुसतं बघत राहिले. माझा खांदा तोपर्यंत कपड्याच्या हँगरसारखा झाला होता. गोलाई गेली, हाडाचं टोक वर, आणि त्याखाली दोन बोटं बसतील एवढी खळी. हात स्वतःच्या वजनानं खोबणीतून खाली उतरला होता. दिवसभर दुखायचा तो त्यामुळेच. मग त्यांनी माझा हात धरून सावकाश वर नेला, पार कानापर्यंत. हात गेला. ते थांबले. "सांधा मोकळा कुणी ठेवला हा?"

आई ठेवत होती. झोळी बांधायला सांगितली होती, पण ती अंघोळीपुरती सोडायचीच. रोज अंघोळीच्या वेळी माझा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरायची आणि म्हणायची, "देवाला नमस्कार कर." सूर्याकडे वर न्यायची. मी चिडायचो. चाळिशीच्या माणसाला आई अंघोळ घालते आणि वर नमस्कार करायला लावते! आईनं सगळ्या उपायांत केलेली ही एकच गोष्ट पुस्तकात बसणारी होती, आणि तिला ते पुस्तक माहीत नव्हतं. सांधा आखडला असता तर दुसरीकडचा स्नायू आणून लावायलाही काही अर्थ राहिला नसता. तेल लावून घट्ट बांधणाऱ्याला मी पंधराशे रुपये दिले होते. असो.

ऑपरेशन काय, ते त्यांनी चिठ्ठीच्या मागे काढून दाखवलं. हात उचलतो डेल्टॉइड, खांद्यावरचा टोपीसारखा स्नायू. तो माझा संपला होता. त्याच्या वर, मानेपासून खांद्यापर्यंत, ट्रॅपेझियस असतो. पोतं उचलताना ज्यावर टेकवतो, ते मांस. तो शाबूत होता. कारण त्याची नस त्या पाच मुळांतून येतच नाही. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांतली ती अकरावी, कवटीतून थेट मानेच्या बाजूनं उतरते. घरात एका खोलीचा फ्यूज उडाला तरी शेजाऱ्याच्या मीटरवरून आलेली वायर चालू राहावी, तसं. तर तो स्नायू खांद्याच्या हाडाला जिथे चिकटतो तिथून सोडवायचा, तोही हाडाच्या चकतीसकट. मग खाली ओढून दंडाच्या हाडावर वरच्या बाजूला स्क्रूनं बसवायचा. चकती मुद्दाम घेतात. मांस हाडाला नीट चिकटत नाही, हाड हाडाला जुळतं. एकदा जुळलं की खांदा वर ओढणारा स्नायू हातही ओढायला लागतो.

"किती वर जाईल?" मी विचारलं.

"कानापर्यंत नाही. साठ अंश मिळाले तर मी खूश. तुम्हीही व्हा."

स्नायूची ताकद शून्य ते पाच मोजतात, हे मला तिथे कळलं. जागा बदलली की एक आकडा कमी होतो, म्हणून मुळात भक्कम असलेलाच उचलायचा. दुसरा मार्ग होता सांधा कायमचा एका कोनात जोडून टाकण्याचा. दुखणं थांबतं, पाठीच्या फऱ्यावर हात थोडा हलतो. पण मग मागे फिरता येत नाही. सांधा जोडायचं ते केव्हाही करू, ते कुठे जात नाही, असं सर्जनचंच मत पडलं.

त्यांनी आणखी एक सांगितलं. मला ते गिरणीवाला म्हणून पटकन पटलं. दंडाच्या हाडाचा गोळा खांद्याच्या उथळ बशीत बसलेला असतो. मोठा स्नायू तो उचलतो, पण उचलताना गोळा बशीच्या मधोमध धरून ठेवायचं काम तीन-चार लहान स्नायू करतात. ते नसले तर नुसता मोठा ओढून उपयोग नाही, गोळा बशीतून सरकतो. ही गोष्ट नीट मांडून दाखवली कोलकात्याच्या डॉ. ए. के. साहा यांनी. पोलिओनं लुळ्या पडलेल्या खांद्यांवर त्यांनी जन्मभर काम केलं आणि 1967 साली ते सविस्तर छापलं. दिशा देणारे स्नायू वेगळे आणि जोर लावणारे वेगळे, दोन्हींची सोय लावा, असं त्यांचं म्हणणं. त्याआधी ट्रॅपेझियस वापरून बघितलेला होताच. न्यूयॉर्कच्या लिओ मायर यांनी 1927 मध्ये मांडीतल्या पडद्याची पट्टी जोडून तो लांबवला होता. हाडाच्या चकतीसकट स्नायू जास्तीत जास्त खाली बसवायची साहांची रीत मात्र आजही चालते.

आमच्याकडे दहा हॉर्सपॉवरची मोटर आहे. पट्टा पुलीवर सरळ बसला नाही तर ती दहाची असो की वीसची, पट्टा उतरतोच आणि दगड जागेवर राहतो. मी तेच म्हणालो. सर्जन पहिल्यांदा हसले. "पोलिओ गेला हो देशातून. साहांची पद्धत आता मोटारसायकलवाल्यांसाठी राहिलीय."

दुसरी लाट, मग जुलैचा कृष्णेचा पूर. ऑपरेशन झालं नोव्हेंबर 2021 मध्ये. मिरची कांडपाचं मशीन विकलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

ऑपरेशनपेक्षा नंतरचे दिवस सांगतो. शुद्धीवर आलो तर हात खांद्याच्या रेषेत बाजूला, आडवा. त्याच्याखाली पत्र्याचा आणि फोमचा सांगाडा, कमरेला पट्ट्यांनी बांधलेला. त्याला एरोप्लेन स्प्लिंट म्हणतात. सहा आठवडे रात्रंदिवस तसंच. हात खाली आला की नवीन जोड ताणला जाणार, म्हणून अंघोळीलाही काढायचा नाही. मुंबईहून गाडीनं येताना मधल्या सीटवर मी आणि माझं एक पंख. पुतण्या दुसऱ्या बाजूला दाराला चिकटून बसलेला. घरात शिरताना तिरकं शिरायचं. न्हाणीघराच्या दारात दोनदा अडकलो. शर्ट चढेना, तेव्हा आईनं माझ्या जुन्या बंड्यांची उजवी बाजू उसवली आणि नाड्या लावून दिल्या. तान्ह्या पोराच्या झबल्यासारखं. अंगणात उन्हाला बसलो की पोरं म्हणायची, "काका, इथं चिमण्या येणार नाहीत, तुम्ही शेतात उभं राहा." बरोबरच होतं त्यांचं.

झोप अशी लागलीच नाही. खुर्चीत, तीन उश्या लावून, तुकड्यातुकड्यानं.

सहा आठवड्यांनी एक्स-रे. दोन स्क्रू आणि चकतीच्या कडेला धुक्यासारखं नवीन हाड. मग दर आठवड्याला सांगाडा दहा-पंधरा अंश खाली. एकदम नाही. लोणच्याच्या बरणीचा दट्ट्या उतरवावा, तसा. जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट ताई होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "दादा, हात उचला." मी उचलायला गेलो. काही नाही. हात उचलायचा असा जो हुकूम मेंदूतून निघतो, तो अजून त्या मेलेल्या डेल्टॉइडकडेच जात होता. "आता हात विसरा. खांदा कानाला लावा." लावला. आणि हात टेबलावरून चार बोटं सरकला. स्वतःहून. दोन वर्षांनी.

मी रडलो वगैरे नाही. मला आधी हसू आलं, कारण ते इतकं चुकीच्या ठिकाणाहून आलेलं होतं. घरातला पंखा लावायला गेलात आणि बटण शेजाऱ्याच्या ओट्यावर सापडलं, तर कसं वाटेल?

पुढचे महिने तेच. टेबलावर गुळगुळीत फळी, तिच्यावर पावडर, पावडरीवर हात. गुरुत्वाकर्षणाशी भांडायचं नाही, आडव्यात नुसतं सरकवायचं. घरी कॅरम होता, तो गिरणीतल्या खाटेवर ठेवला. पावडर संपली तशी पीठ वापरून पाहिलं. गिरणीत पिठाला काय तोटा! बाजरीचं चिकटतं, हात फरफटतो. गव्हाच्या पिठाचा हाताच्या घामानं चिखल होतो. शाळूचं बरं. सगळ्यात उत्तम तांदळाचं, जरा भरड दळलेलं. हात असा पळतो की स्ट्रायकर पळावा. ताईंना सांगितलं तर त्यांनी दवाखान्यात एक पुडी मागून घेतली. गल्लीतल्या बायका दळणाला आल्या की बघायच्या. एकीनं शेवटी बायकोला विचारलं, "तुमचे हे दिवसभर एकटेच कॅरम खेळतात काय, सोंगट्यांबिगर?"

मग भिंतीला बोटं लावून चढवणं. मग हवेत. एक दिवस, ऑपरेशननंतर सातव्या की आठव्या महिन्यात, मी शेल्फवरची उदबत्तीची पुडी काढली आणि काढून झाल्यावर लक्षात आलं की खांद्याचा विचार केला नव्हता. तिथून हुकूम आपोआप नवीन वाटेनं जायला लागला. पण जुनी वाट काही बुजली नाही. म्हणून अजूनही कोण जाणे म्हटलं की हात उडतो. थंडीत हुडहुडी भरली की दोन्ही खांदे वर जातात आणि उजवा हात कोंबडीच्या पंखासारखा सुटतो. शेकोटीभोवती माझ्या उजवीकडे कुणी बसत नाही.

मिळालं किती? पासष्ट अंश बाजूला, पुढे त्याहून थोडं जास्त. खळी गेली, हात खोबणीत बसला, दुखणं जवळजवळ थांबलं. नुसतं तेवढ्यासाठीसुद्धा मी ते ऑपरेशन पुन्हा करून घेतलं असतं. मिळालं नाही ते म्हणजे हात बाहेरच्या बाजूला फिरवणं. ते त्या लहान स्नायूंचं काम. ते नसल्यामुळे घास तोंडाशी नेताना मला कोपर आधी वर न्यावं लागतं, तुतारी फुंकणाऱ्यासारखं. डॉक्टर लोकही त्या खुणेला तसंच काहीतरी म्हणतात, शिंगवाल्याची खूण. 2024 च्या निवडणुकीत तुतारी फुंकणाऱ्या माणसाचं चिन्ह आलं तेव्हा लग्नाच्या पंगतीत समोरच्या गटातला एक मित्र ओरडला, "बघा, हा उघड प्रचार करतोय!" मी पंगतीत आता उजव्या टोकालाच बसतो, कुणाच्या वरणात कोपर जायला नको.

त्यासाठी दुसरं ऑपरेशन असतं. ट्रॅपेझियसचाच खालचा भाग किंवा पाठीचा रुंद स्नायू वळवून मागून लावतात. सर्जन म्हणतात करू या. मी अजून हो म्हटलेलं नाही. पुन्हा सांगाडा, पुन्हा खुर्चीतली झोप, आणि गिरणी पुन्हा बायकोच्या एकटीच्या अंगावर.

तिचं सांगायचं राहिलं. गिरणीत डबा उचलून हॉपरमध्ये ओतायचा असतो. हॉपरचं तोंड माझ्या हनुवटीला येतं. गव्हानं भरलेला तेलाचा पत्र्याचा डबा म्हणजे बारा-तेरा किलो. ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. दोन वर्षं तिनं दिवसाला चाळीस-पन्नास डबे डोक्यावरून ओतले. मला वाटायचं, हात बरा झाला की डबा मी उचलणार. पासष्ट अंशांत डबा हनुवटीपर्यंत जात नाही, हे मोजून कळलं. मी चार दिवस गप्प होतो. पाचव्या दिवशी बायकोनं गवंड्याला बोलावून हॉपरसमोर दीड फूट उंचीचा सिमेंटचा ओटा घातला. मला विचारलं पण नाही. आता मी ओट्यावर चढतो, डाव्या हातानं डबा उचलतो, उजव्यानं बुडाशी आधार देऊन कलता करतो. तिलाही सोपं झालं. ओटा घालायला दोन वर्षं का लागली, हे दोघांनाही विचारू नका.

फोन करणाऱ्यांतला शेवटचा जतकडचा होता. भावाचा अपघात. हात लोंबतोय, हाड शाबूत आहे, डॉक्टर म्हणालेत येईल. त्याला ऑपरेशन कसं असतं ते ऐकायचं होतं. मी म्हटलं, ते राहू दे, अपघात कधी झाला ते सांग. म्हणाला, गेल्याच्या गेल्या अमावस्येला. मी बोटांवर मोजलं, दोन महिने भरत नव्हते. त्याला म्हटलं, माझ्यासारखं मांस हलवायची वेळ तुझ्या भावावर नाही आली, त्याची नस अजून जोडता येईल. परवा नाही, उद्या निघा. ईएमजी करणारा कुठे आहे ते आज शोधा, आणि तोवर रोज दोनदा हात धरून वर न्या. कसा न्यायचा म्हणाला. आई शेजारीच बसली होती, शेंगा निवडत. फोन तिच्या हातात दिला.